मुदत न सांगता येणारे आजारपण

हिंदमातेच्या कापडबाजारापासून पायी जाता येईल अशा अंतरावर १९२९ सालचे वाडिया बाल रुग्णालय आणि १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय आहे. दुर्धर व्याधीने ग्रासलेली मुले येथे परप्रांतांतूनही येतात. रोग हटविणारे उपचार संपले की त्यांतील अनेकांना घरी नेले जाते. त्या वेळी आईबाप एकच प्रश्न विचारतात: ‘डॉक्टर, अजून किती दिवस?’

‘सांगता येत नाही’ हेच त्याचे बहुधा प्रामाणिक उत्तर असते. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यात थोडाफार अंदाज बांधता येतो; परंतु स्नायूंचा ऱ्हास होत जाणाऱ्या किंवा मेंदूला गंभीर इजा झालेल्या मुलांच्या बाबतीत तोही फसतो. न्यूमोनियाने रात्र काढणार नाही असे वाटलेले मूल आठवड्याने उशीला टेकून बसते. असे चार वेळा घडले की पाचव्या वेळी घरातल्या कोणाचाच धोक्याच्या सूचनेवर विश्वास बसत नाही. याला डॉक्टरांचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. आजाराची चालच तशी आहे.

ही अनिश्चितता दूर करता येत नसेल, तर निदान मदत तरी तिच्यावर अवलंबून ठेवू नये. अमेरिकेत सहा महिन्यांहून अधिक आयुष्य नसल्याचा दाखला मिळाल्यावर, आणि तोही रोगावरील उपचार सोडल्यावरच, अशी सेवा मिळत असे. २०१० च्या कायद्याने मेडिकेड योजनेतील मुलांपुरती दुसरी अट गेली. दाखल्याची मात्र राहिली. वास्तविक, मुलांची ही शुश्रूषा निदानापासूनच सुरू व्हावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच सांगितले होते.

आपल्याकडे दाखल्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण घरी येणारी सेवाच विरळा! मॉर्फिन मिळणे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने दुष्कर केले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट मोकळी झाली, पण औषध गावोगाव पोहोचलेले नाही.

दिवसांची मोजदाद आपण दुसरीकडे करतो. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून बालसंगोपन रजा आहे, संपूर्ण सेवेत १८० दिवस. कचेरीत काम करणाऱ्या आईने ती आज घ्यावी, की शेवटासाठी राखून ठेवावी? शेवट कधी, हे ठाऊक नसताना हा हिशेब तिने कसा मांडावा? गंभीर आजारी मुलांपुरती ही मर्यादा शिथिल करण्यास नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे.