रुग्णशय्येजवळचे शिक्षण

दरवर्षी वैद्यकीय प्रवेशाचे दिवस आले की सुशिक्षित घरांतून गुणांची, जागांची आणि शुल्काची चर्चा रंगते. मुलाला प्रवेश मिळाला म्हणजे आईबापांना कृतार्थ वाटते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु या मुलाची रोग्याशी पहिली गाठ केव्हा पडणार, ती कोण घालून देणार आणि त्या भेटीत तो काय शिकणार, हे प्रश्न सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक डॉक्टर घडतो तो याच ठिकाणी. उद्या आपल्यापैकी कोणी आजारी पडल्यास त्याच्या नाडीवर जो हात पडेल, तो आधी कोणाच्या तरी खाटेपाशी शिकलेला असेल. म्हणून हा प्रश्न साऱ्या समाजाचा आहे, असे आम्हांस वाटते.

रोग्याजवळ बसून वैद्यक शिकावे, हा विचार नवा नव्हे. रोग्याच्या अंगाला शस्त्र लावण्यापूर्वी शिष्याने कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर हात बसवावा, हे सांगण्यासाठी सुश्रुतसंहितेत एक स्वतंत्र अध्याय आहे. अर्वाचीन काळी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानगृहातून उठवून वॉर्डात नेले आणि रोग्याची हकीकत लिहून घेण्याचे व त्याच्या प्रकृतीवर लक्ष ठेवण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. मुंबईत १८४५ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय जे. जे. रुग्णालयाच्या शेजारी स्थापन झाले आणि १९२६ साली परळला शेठ गोर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय एकत्र सुरू झाले. वर्ग आणि वॉर्ड यांत अंतर नसावे, हेच त्या रचनेचे मर्म आहे.

तरीही पुढे रीत अशी पडली की, पहिले वर्ष विच्छेदनगृहात आणि प्रयोगशाळेत सरे. मानवी देहाशी विद्यार्थ्याची पहिली ओळख प्रेताच्या रूपाने होई. जिवंत, कण्हणारा, घाबरलेला माणूस त्याला नंतर भेटे. २०१९ साली एम. बी. बी. एस.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि ही रीत मोडण्याचा प्रयत्न झाला. पहिल्याच वर्षी रुग्णदर्शन, आरंभीच्या पायाभूत पाठांत स्थानिक भाषेची ओळख, तसेच वृत्ती, नीती आणि संभाषण यांचे शिक्षण यांचा त्यात समावेश झाला. डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा, ही अपेक्षा भोर समितीने १९४६ सालच्या अहवालात व्यक्त केली होती. तिच्या दिशेने पडलेले हे पाऊल उशिराचे असले तरी स्वागतार्हच म्हटले पाहिजे.

परंतु नियम छापला म्हणजे शिक्षण झाले, असे होत नाही. देशातील एम. बी. बी. एस.च्या जागा २०१४ पूर्वी सुमारे ५१ हजार होत्या. २०२४ मध्ये त्या १ लाख १२ हजारांवर गेल्या. डॉक्टर अधिक हवेत याविषयी दुमत नाही. मात्र इमारती जितक्या झपाट्याने उठतात तितक्या झपाट्याने शिक्षक तयार होत नाहीत. एका खाटेभोवती पंधरावीस विद्यार्थ्यांचा गराडा पडला, तर मागच्याला रोग्याच्या छातीतील आवाज ऐकू येणार नाही आणि रोग्याला मात्र चाळीस डोळे टोचत राहतील. 'पी हळद आणि हो गोरी' हा न्याय निदान वैद्यकाला तरी लावू नये.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. अंतिम परीक्षेनंतरचे आंतरवासितेचे वर्ष हे हाताला वळण लागण्याचे वर्ष. पण पदव्युत्तर प्रवेशाची दारे उघडतात ती बहुपर्यायी प्रश्नांच्या परीक्षेने. त्या परीक्षेत रोग्याशी कसे बोललात, जखम कशी बांधलीत, आईला धीर कसा दिलात, याला एकही गुण नाही. तेव्हा तरुण डॉक्टर वॉर्ड सोडून अभ्यासिकेकडे वळला, तर सर्व दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ज्याची किंमत आपण शून्य धरतो, ते तो शून्यच धरणार.

आता थोडे कटू, पण आवश्यक. ज्या खाटेपाशी हे शिक्षण चालते ती बहुधा गरिबाची असते. सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयातील शेतमजूर, घरकाम करणारी बाई, गिरणगावातला वृद्ध यांच्या दुखऱ्या पोटावर आमची मुले हात ठेवायला शिकतात. आणि शिकून तयार झालेला तो हात पुढे बहुतेक वेळा आम्हां सुस्थितांच्या सेवेला खासगी दवाखान्यात रुजू होतो. हे ऋण कोणत्याही शुल्काने फिटत नाही. निदान त्या रोग्याला नावाने हाक मारावी, आपण विद्यार्थी आहोत हे त्याला सांगावे, तपासण्याआधी परवानगी विचारावी, पडदा ओढून घ्यावा आणि तो 'नको' म्हणाला तर उपचारात तसूभरही फरक न करता मागे सरावे. उपचार फुकट मिळतो म्हणून रोग्याने लाज गहाण टाकलेली नसते. 'सात नंबरची काविळीची केस' असे जो गुरू म्हणतो, त्याचा शिष्यही तेच शिकतो.

मार्च २०१७ मध्ये धुळ्यातील निवासी डॉक्टरावरील हल्ल्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर काम सोडून बसले होते. अशा हल्ल्याला कोणतेही समर्थन नाही आणि २०१० चा संरक्षण कायदा कसोशीने अमलात आलाच पाहिजे. तथापि नातेवाइकांना त्यांच्या भाषेत, बसवून, दोन मिनिटे समजावून सांगण्याची विद्या कायदा शिकवू शकत नाही. ती रुग्णशय्येजवळच, ज्येष्ठांचे पाहून शिकावी लागते. परप्रांतांतून येथे येणाऱ्या विद्यार्थ्यांना कामापुरती मराठी नीट शिकविणे हा म्हणूनच रुग्णसेवेचाच भाग होय.

आमच्या सूचना थोड्या आहेत. जागा वाढविण्यापूर्वी शिक्षक नेमावेत. खाटेपाशी शिकणाऱ्यांच्या तुकड्या लहान ठेवाव्यात. आंतरवासितेतील प्रत्यक्ष कामाला पुढील प्रवेशात वजन द्यावे. आणि शिकवू देणाऱ्या रोग्याचे आभार मानण्याची शिस्त प्रत्येक वॉर्डात लावावी. यातील शेवटच्या सूचनेला सरकारी मंजुरी लागत नाही. ती उद्या सकाळच्या राउंडपासून अमलात आणता येईल.