"फुकट मिळतात, तरी घेत नाहीत!"

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे महिनाभर इकडे फिरकलो नव्हतो. अजूनही फार लिहू नका असं डॉक्टर सांगतात. पण परवा घरच्या एका कार्यक्रमात एक वाक्य कानावर पडलं आणि राहवलं नाही.

"एचआयव्हीवाल्यांना सरकार गोळ्या फुकट देतंय, तरी नेमाने घेत नाहीत. मग भोगा म्हणावं!"

बोलणारे आमच्याच नात्यातले, चांगले शिकलेले. हा ब्लॉग तेही वाचतात. तेव्हा उत्तर इथेच देतो, राग मानू नये.

गोळ्या फुकट आहेत हे खरं. 2004 च्या एप्रिलपासून सरकारी दवाखान्यांतून ही औषधं मोफत मिळू लागली. आता बहुतेकांना रोज एकच गोळी पुरते. ती न चुकता घेत राहिलं तर रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच दबून राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. उलट वारंवार खंड पडला की तोच विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. अर्धवट फवारणीने अळी कशी निर्ढावते, हे आपल्या मराठवाड्यातल्या कापूसवाल्याला काय सांगायचं!

म्हणजे नेम हवाच. प्रश्न एवढाच की नेम मोडतो कशामुळे? आळसामुळे?

माझा एक विद्यार्थी आहे. नाव-गाव सांगणार नाही. राहतो लातूर जिल्ह्यात. औषध लातूरलाही मिळतं, पण हा एसटीने तीन-साडेतीन तास बसून नांदेडला येतो. का? तर लातूरच्या रांगेत कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. अशा रुग्णांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. ती याने कधी घेतली नाही. भरल्या गाडीत कंडक्टरसमोर तो कागद काढायचा कसा? प्रत्येक खेपेला मजुरी बुडते आणि तिकिटाचे पैसे जातात ते वेगळेच. मग 'फुकट' काय राहिलं?

मागे चुलत बहिणीच्या लग्नात त्याच्या चार दिवस गोळ्या चुकल्या. मी मास्तरकीच्या सवयीने रागावलो. तो म्हणाला, "गुरुजी, घर पाहुण्यांनी भरलेलं. पोरं पिशव्या उचकतात. डबी घेऊनच गेलो नव्हतो."

मी गप्प बसलो. कारण माझंही एक पाप आहे. त्याने पहिल्यांदा हा आजार सांगितला, त्या दिवशी तो गेल्यावर त्याचा चहाचा कप मी वेगळा ठेवायला लावला. चहाच्या कपातून एचआयव्ही पसरत नाही, हे मीच वर्गात शिकवलेलं! पुढच्या खेपेला तोच कप त्याच्यापुढे आला. त्याने ओळखलं असणार. बोलला काही नाही. त्यानंतर चार महिने तो घरी आलाच नाही.

हा एकट्या माझा दोष म्हणून सोडून द्यावा, तर तसंही नाही. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी 'सेवालय' काढलं. 2009 मध्ये ती मुलं गावच्या शाळेत बसू लागली, तेव्हा पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं. लेकरांशी असं वागणारे आपण मोठ्यांना उघडपणे गोळी घेऊ देऊ? त्याच सेवालयातली मुलं आज मोठी झाली, काहींची तर लग्नंही झाली. औषधाला मायेचं माणूस मिळालं की काय होतं, ते तिथे जाऊन बघावं.

2017 चा कायदा आहे, तो सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून शाळेतून, नोकरीतून, दवाखान्यातून कुणाला हाकलता येत नाही आणि त्याच्या संमतीशिवाय त्याचा आजार उघड करता येत नाही. पण लग्नघरातल्या माजघरात कायदा येत नाही. तिथे आपणच असतो.

मला रक्तदाबाची गोळी आहे. रात्री जेवण झालं की नातू भर पाहुण्यांत ओरडतो, "आबा, गोळी!" म्हणून माझा नेम मोडत नाही. यात माझं शौर्य काही नाही. त्या पोराला असं कोण ओरडणार? आठवण करून देणारं सोडाच, बघून न बघितल्यासारखं करणारं तरी कुणी आहे?

म्हणून नातेवाईक मंडळींना एकच विनंती. 'का घेत नाहीत' असं विचारण्याआधी, आपल्या घरात येऊन त्यांना ती घेता येईल का, हे स्वतःला विचारा. कुणी विश्वासाने सांगितलं तर ते पोटात ठेवा. आणि पाण्याचा तांब्या पुढे करा, रोजच्याच भांड्यातला.

माझा विद्यार्थी आता पुन्हा येतो. वेगळा कप मी बायकोदेखत फोडून टाकला. माफी मात्र अजून मागितलेली नाही. ती इथे मागतो.

असो. डोळे दुखायला लागले. तुमचं मत जरूर कळवा, पटलं नाही तरी.