पुस्तक काढलंत, आता ते घेऊन फिरा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुस्तक काढणाऱ्यांची वानवा नाही. पदरमोड करून पाचशे प्रती छापायच्या, हॉल घ्यायचा, पाहुणे बोलवायचे. शाल-श्रीफळ, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. शंभरेक प्रती 'सप्रेम भेट' लिहून वाटल्या जातात, उरलेले गठ्ठे दिवाणाखाली जातात. मग वर्षभर एकच पालुपद, लोक वाचत नाहीत हो!

वाचतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन बघा. शेतमजुरी करणारी माणसं तिथून पिशव्या भरून पुस्तकं नेतात, तीही रोख पैसे मोजून. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, काही परदेश नव्हे.

आणि साहित्य संमेलन आपल्या दारी येण्याची वाट बघत बसू नका. १९७३ साली गदिमांच्या अध्यक्षतेखाली यवतमाळात झालं, त्यानंतर थेट २०१९ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं लेखकाने करायचं काय?

बोरीअरबच्या शंकर बडे यांनी काय केलं ते आठवा. 'अस्सा वऱ्हाडी माणूस' हा एकपात्री प्रयोग घेऊन ते गावोगाव गेले. त्यांची वऱ्हाडी कविता पुस्तकात वाचण्याआधी कितीतरी जणांनी कानांनी ऐकली होती. सगळ्यांना तशी रंगमंचाची देणगी नसते, कबूल. पण आपल्याच पुस्तकातली दोन पानं नीट मोठ्याने वाचता येणं, एवढं तर जमवाल? घरी वाचून बघा, घड्याळ लावून. दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. मनोगत, ऋणनिर्देश, 'मी कसा लिहिता झालो' हे सगळं गाळा. थेट गोष्टीवर या. पान संपलं की कुणीतरी विचारतंच, "केवढ्याचं हाय जी हे पुस्तक?" त्या वेळी पुस्तकं पिशवीत हवीत आणि सुटे पैसे खिशात. फोनपेचा कोड असेल तर उत्तमच.

वाचायला जागा? आपल्याकडचा दुर्गोत्सव घ्या. नऊ दिवस मंडळांना कार्यक्रम हवे असतात, तेव्हा महिनाभर आधीच जाऊन बोला. शाळांना १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन साजरा करायचा असतो, अन् ऐनवेळी पाहुणा मिळत नाही. पुसद, वणी, दारव्हा, उमरखेडच्या कॉलेजांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना एक प्रत द्या. इथे भेट प्रत सत्कारणी लागते. आकाशवाणीचं यवतमाळ केंद्र आहे, तिथे पत्र टाका. मात्र कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत दुपारचा कार्यक्रम खेड्यात ठेवू नका. रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचाल आणि दोष वाचनसंस्कृतीला द्याल.

आता सगळ्यात दुर्लक्षित गिऱ्हाईक, म्हणजे सार्वजनिक वाचनालयं. १९६७च्या ग्रंथालय कायद्यामुळे राज्यातल्या मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनाचं अनुदान मिळतं, आणि त्यातला काही भाग पुस्तकांवरच खर्चावा लागतो. वाचनालयं पुस्तकं घेतातच. प्रश्न एवढाच की तुमचं पुस्तक आहे हे त्यांना ठाऊक असतं का? तेव्हा जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा जाऊन या. शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक कसं आणि कधी पाठवायचं, यंदाचा ग्रंथोत्सव केव्हा आहे, हे दोन प्रश्न विचारा. ग्रंथोत्सवात टेबल मिळालं तर स्वतः बसा. भाच्याला बसवून तुम्ही व्यासपीठावर गेलात तर विक्री भाच्याएवढीच होणार.

पुस्तकावर आयएसबीएन नसेल तर पुढच्या आवृत्तीला घ्या. आपल्या देशात तो सरकारकडून फुकट मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. दुकानदार तीस-चाळीस टक्के कमिशन मागेल, त्याचा राग मानू नका, किंमत ठरवतानाच ते धरा.

वाचनालयाला पुस्तक देताना पक्कं बिल लागतं, कोऱ्या कागदावरची चिठ्ठी हिशेबात चालत नाही. प्रकाशकाने बिल दिलं तर ठीक, स्वतःच प्रकाशक असाल तर एक बिलबुक छापून घ्या. आणि हे फेब्रुवारीच्या आत उरका, कारण मार्चअखेरीला ग्रंथपालाला तुमच्याशी बोलायलाही सवड नसते.