‘शास्त्रीय कारणें लिहा’

महाराष्ट्रांतील शाळांच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेंत एक प्रश्न बहुतेक ठरलेला असतो, तो ‘शास्त्रीय कारणें लिहा’ हा होय. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं मराठी शाळेंत विज्ञानाचें पुस्तक हातीं धरलें असेल त्यांस हे तीन शब्द आठवत असतीलच, व त्यांबरोबर घोकलेलीं उत्तरेंही आठवत असतील. प्रश्न काढणाराचा हेतु उत्तम आहे. विद्यार्थ्यानें ‘काय’ होतें एवढेंच सांगून न थांबतां तें ‘कां’ होतें हें सांगावें, अशी त्याची इच्छा. परंतु आज शाळाशाळांतून त्या प्रश्नाची काय दशा झाली आहे तें पाहिलें, म्हणजे ज्या प्रश्नानें मुलांस विचार करावयास लावावें तोच त्यांस विचारापासून परावृत्त करूं लागला आहे, असें म्हणणें आम्हांस भाग पडतें.

अगदीं घरगुती उदाहरण घेऊं. थंड पाण्यानें भरलेल्या पितळी तांब्याच्या बाहेरच्या अंगास पाण्याचे थेंब कां जमतात? गाइडांतील उत्तर एका ओळीचें आहे : हवेंतील बाष्पाचें सांद्रीभवन होतें. मुलगा तें लिहितो व पुरते गुण मिळवितो. आतां समजा, दुसऱ्या एखाद्या मुलानें लिहिलें कीं, तांब्यांतील पाणी आंतून बाहेर पाझरतें, कारण आमच्या घरचा माठ असाच पाझरतो. ह्या मुलास शून्य मिळेल. त्याचें उत्तर चूक आहे यांत शंका नाहीं. परंतु दोघांपैकीं विचार कोणीं केला असें विचाराल तर आमचा कौल दुसऱ्याच्या बाजूनें पडेल. पहिल्यानें निकाल सांगितला, पुरावा दिला नाहीं. दुसऱ्यानें निदान स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीचा आधार घेतला. त्याच्या उत्तरावर लाल रेघ मारून मोकळें होण्यापेक्षां मास्तरांनीं त्यास एवढेंच विचारावयास हवें होतें, ‘बाळ, तुझें म्हणणें खरें असेल तर आणखी काय काय दिसलें पाहिजे?’

पाणी आंतून येत असेल तर तांब्यांत लाल रंग कालवल्यावर बाहेरचे थेंबही लाल आले पाहिजेत. ते येतात स्वच्छ. कोणी चतुर मुलगा म्हणेल कीं, रंग आंतच गाळला गेला असेल. शंका योग्य आहे व तिला शाबासकी दिली पाहिजे. मग बूच घट्ट लावलेली थंडगार पाण्याची बाटली, बाहेरून कोरडी पुसून, वाण्याच्या दुकानांतील विजेच्या काट्यावर ठेवावी. आंतलेंच पाणी बाहेर आलें असेल तर वजन आहे तेवढेंच राहील. पावसाळ्याच्या दमट दिवशीं तें थोडें थोडें वाढतांना दिसतें. ही भर आली कोठून? सभोंवतालच्या हवेशिवाय दुसरें ठिकाण उरत नाहीं. त्याच तांब्यांत कोमट पाणी भरलें तर थेंब जमत नाहींत. म्हणजे थंडपणाचा यांत संबंध आहे. थंड धातूलगतची हवा थंड होते, थंड हवेंत बाष्प कमी मावतें, आणि न मावलेलें बाष्प पाणी होऊन तांब्यावर बसतें. माठाचें मडकें सच्छिद्र असतें म्हणून तो पाझरतो. पितळेस तशीं छिद्रें नाहींत. आतां हें उत्तर झालें. पहिल्या मुलाच्या ओळींत व ह्यांत निष्कर्ष तोच आहे. फरक इतकाच कीं, हा निष्कर्ष आतां कोणी उलटतपासणी केली तरी उभा राहील.

आमच्या व्यापारी वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं. मुनिमानें रोजकिर्दींत खर्च टाकला आणि पावती दाखविली नाहीं, तर शेटजी तो मान्य करीत नाहींत. पावती दाखविली, परंतु ती ज्या खात्यावर मांडली त्या खात्याची नव्हेच असें निघालें, तरीही मान्य करीत नाहींत. रक्कम, पावती आणि ती त्याच खात्याची कां याचा खुलासा, हीं तिन्ही जुळलीं म्हणजे ताळेबंद जुळतो. शास्त्रीय कारणाचेंही असेंच आहे : एक विधान, त्याचा पुरावा, आणि त्या पुराव्यावरून तें विधान कां निघतें हें दाखविणारा दुवा. जे गृहस्थ चार आण्यांच्या खर्चासही पावती मागतात तेच आपल्या मुलाच्या वहींतील पावतीशिवायचें उत्तर पाहून समाधान मानतात, ही मोठी गंमत आहे.

हा विचार आम्हीं विलायतेहून आणला असा आक्षेप कोणी घेईल. त्यास आमचें उत्तर असें कीं, आमच्या न्यायशास्त्रानें हाच आग्रह धरला आहे. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन हे अनुमानाचे पांच अवयव. पर्वतावर अग्नि आहे असें नुसतें म्हणून चालत नाहीं, धूर दिसतो हा हेतु सांगावा लागतो आणि जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, असा संबंधही दाखवावा लागतो. उलट अग्नीवरून धूर सिद्ध होत नाहीं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. जो हेतु दोन्ही पक्षांकडे सारखाच जातो त्यास नैयायिकांनीं सव्यभिचार असें नांव देऊन खोटा ठरविलें. तांब्याबाहेर थेंब दिसले ही गोष्ट अशीच दुहेरी आहे. ती पाझरण्यासही जुळते व सांद्रीभवनासही जुळते. निवाडा केला तो काट्यानें.

ही बाब एखाद्या गुणापुरतीच आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं मुल्कोवालचें प्रकरण आठवावें. वाल्डेमार हाफकिन यांनीं १८९७ सालीं मुंबईंत प्लेगाची लस तयार केली व प्रथम स्वतःसच टोंचून घेतली. पुढें परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेंतून, जी १९२५ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते, ही लस देशभर जाऊं लागली. ता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुल्कोवाल या गांवीं पांच बाटल्यांतून १०७ माणसांस ती टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं, आणि तीं एकोणीसही एकाच बाटलींतून टोंचलेलीं होतीं. बाकीच्या चार बाटल्यांतील लशीनें कोणास अपाय झाला नाहीं.

येथपर्यंत वाद नव्हता. धनुर्वाताचे जंतु त्या एका बाटलींत होते. पण ते तींत शिरले केव्हां? मुंबईस बाटली भरतांना, कीं मुल्कोवालास ती उघडतांना? एकाच बाटलीचीं माणसें मेलीं ही गोष्ट दोन्ही पक्षांस सारखीच जुळते, म्हणून तिच्यावरून कोणताच पक्ष सिद्ध होत नाहीं. चौकशी-समितीनें मात्र दोष मुंबईच्या प्रयोगशाळेकडे लावला. लस तयार करतांना कार्बोलिक ॲसिड गाळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेविली, हें प्रयोगशाळेविरुद्ध धरण्यांत आलें. ही फार तर शक्यता झाली. उलट बाजूस कांहीं निश्चित गोष्टी होत्या. बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच बूच काढण्यास वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतु तर मातींतच असतात. शिवाय ते बाटलींत आठवडेच्या आठवडे वाढत राहिले असते तर ती उघडतांच दुर्गंधी यावयास हवी होती. तशी ती आली नव्हती. चिमटा व दुर्गंधीचा अभाव, या दोन गोष्टी एकाच पक्षास जुळतात. तरीही हाफकिन यांस पदावरून दूर व्हावें लागलें. १९०७ च्या जुलैंत रोनाल्ड रॉसप्रभृति शास्त्रज्ञांनीं लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांतून आरोप निराधार असल्याचें जाहीरपणें मांडलें, तेव्हां कोठें सरकारनें त्यांस दोषमुक्त केलें. मधल्या वर्षांत प्लेग या देशांत लक्षावधि माणसें गिळीत होता, आणि त्यावरची लस ज्यानें केली तो मनुष्य स्वतःवरचा कलंक धुण्यांत गुंतला होता. समितींत विद्वान माणसें होतीं; कारण लिहिण्याची शिस्त मात्र त्यांजकडून सुटली.

विद्वानांची ही कथा, मग सामान्यांची काय असेल? ता. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं गणपति दूध पितो अशी वार्ता उठली व गांवोगांवच्या देवळांपुढें रांगा लागल्या. त्या दिवशीं कित्येक सुशिक्षितांनीं ‘पृष्ठताण’ हा एक शब्द उच्चारून रांगेंतल्या लोकांचा उपहास केला. शब्द बरोबर होता, परंतु तो फेंकून मारण्यापलीकडे त्यांच्यापाशीं कांहीं नव्हतें, आणि उपहासानें कोणाचें मत बदलत नाहीं. ज्यांनीं दुधांत रंग कालवून तें मूर्तीच्या अंगावरून खालीं कसें ओघळतें हें लोकांच्या डोळ्यांसमोर दाखविलें, त्यांनींच खरें काम केलें. भाविकाचा अवमान न करतां त्यास पुरावा दाखवितां येतो. १९७६ च्या घटनादुरुस्तीनें विज्ञाननिष्ठ दृष्टि बाळगणें हें नागरिकाचें मूलभूत कर्तव्य ठरविलें आहे. परंतु ही दृष्टि शाळेंत दिली नाहीं तर ती पुढें मोबाइलवर आलेला औषधाचा संदेश वाचतांना कोठून येणार?

शिक्षकवर्गाची अडचण आम्ही जाणतों. वर्गांत साठ मुलें, अभ्यासक्रम लांबलचक, आणि प्रयोगशाळेस बहुधा कुलूप. परंतु तांब्या, रंग व काटा यांस प्रयोगशाळा लागत नाहीं. पंधरवड्यांतून एकच कारण असें लिहवून घ्यावें. वह्या मुलांनीं आपसांत बदलाव्या, आणि प्रत्येकानें दुसऱ्याच्या उत्तराखालीं एकच प्रश्न लिहावा, ‘हाच पुरावा दुसऱ्या एखाद्या कारणासही जुळतो काय?’ पहिल्या दोनचार वेळां गोंधळ होईल, कांहीं मुलें भलतेंच लिहितील. होऊं द्यावा. पोहणें कांठावर बसून येत नाहीं हें सर्वांस ठाऊकच आहे.

मुख्य दोष मात्र शिक्षकाचा नव्हे, परीक्षेचा आहे. ज्यास गुण मिळतात तेंच शिकविलें जातें. गाइडें विकणारे आमचे कांहीं वाचक रागावतील, परंतु एका ओळीस पुरते गुण देण्याची चाल मंडळानें मोडली पाहिजे. निष्कर्षास थोडे गुण ठेवून पुराव्यास व त्या दोहोंच्या दुव्यास अधिक द्यावे. चुकीच्या निष्कर्षाचें उत्तर पुराव्यानिशीं लिहिलें असेल तर त्यासही कांहीं गुण मिळावे. आणि ‘कारणें लिहा’ एवढ्यावर न थांबतां, पाठ्यपुस्तकांत नसलेल्या एखाद्या घटनेच्या चार नोंदी प्रश्नपत्रिकेंतच छापून, त्यांपैकीं कोणती नोंद दोन मतांत निवाडा करते व कां, असें विचारावें. अशा प्रश्नाचें उत्तर कोणत्याही गाइडांत अगोदर छापतां येणार नाहीं. मंडळानें पुढील परीक्षेपूर्वीं अशा प्रश्नांचा एक नमुना-संच शाळांकडे धाडावा, व उत्तरपत्रिका तपासणारांस गुण कसे द्यावयाचे याच्या लेखी सूचना त्याबरोबरच द्याव्या, एवढी आमची मागणी आहे.