विडालचा आकडा आणि तापाचे निदान

पावसाळा आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. रांजणगाव व कुरकुंभच्या कारखान्यांतील कामगार, रेल्वेचे कर्मचारी, शेतमजूर असे सारे दवाखान्याची पायरी चढतात. रक्त तपासले जाते आणि 'विडाल पॉझिटिव्ह' असा शेरा असलेला कागद हाती पडतो. तेवढ्यावरून विषमज्वराचे, म्हणजेच टायफॉइडचे निदान कायम होते. तथापि हा कागद नेमके काय सांगतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

फ्रेंच वैद्य फर्नांद विडाल यांनी १८९६ साली ही चाचणी पुढे आणली. ती रोगजंतू शोधत नाही. जंतूंविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिपिंडे शोधते. १:१६० या आकड्याचा अर्थ, रक्तातील सीरम १६० पट पातळ केले तरी त्यातील प्रतिपिंडे जंतूंच्या गुठळ्या करतात, एवढाच. घरात चोर आहे असे ही चाचणी म्हणत नाही. पहारेकरी जागे झाले होते, इतकेच ती सांगते. ते आज जागे झाले की काही महिन्यांपूर्वी, याच चोरासाठी की त्याच्या एखाद्या भाऊबंदासाठी, याचा उलगडा एका नमुन्यातून होत नाही. पूर्वीचे दुखणे, पूर्वी घेतलेली लस किंवा हिवतापासारखा निराळाच आजार यांमुळेही आकडा चढू शकतो. उलट, तापाच्या पहिल्या आठवड्यात खरा विषमज्वर असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

येथे साधे अंकगणित उपयोगी पडते. समजा, तापाच्या १,००० रुग्णांपैकी ५० जणांनाच विषमज्वर आहे. चाचणी शंभरांतील ८० खरे रुग्ण ओळखते आणि शंभर इतरांपैकी २० जणांना चुकून दोषी ठरवते, असे धरू. मग ४० खरे आणि १९० खोटे, असे एकूण २३० अहवाल 'पॉझिटिव्ह' येतील. म्हणजे असा कागद मिळालेल्या सहा जणांपैकी जेमतेम एकाला तो आजार असेल. रुग्णांपैकी निम्म्यांना विषमज्वर असता, तर हीच चाचणी पाचांपैकी चार वेळा खरी ठरली असती. सारांश, अहवालाचे मोल केवळ प्रयोगशाळेत ठरत नाही; रोगाचा प्रसार किती आहे यावरही ते अवलंबून असते.

चुकीच्या निदानाची किंमत दुहेरी असते. मजुराचे पैसे अनावश्यक प्रतिजैविकांवर जातात आणि डेंग्यू किंवा क्षय यांसारखा खरा आजार मागे राहतो. शिवाय अशा वापरामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होतात, आणि तो भुर्दंड सगळ्या समाजाला सोसावा लागतो. डेंग्यूच्या प्रतिपिंडांबाबतही हीच सावधगिरी हवी. त्यांच्या तपासणीचे संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत तयार होतात; परंतु तापाच्या पहिल्या चार-पाच दिवसांत तीही नकारात्मक येऊ शकते.

गरीब रुग्णाला थांबणे परवडत नाही, हा डॉक्टरांचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तरीही प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त घेणे हाच अधिक भरवशाचा मार्ग आहे. त्यालाही काही दिवस लागतात आणि तेही सर्व रुग्ण पकडत नाही, हे मान्य करूनच हे म्हणावे लागते. ते शक्य नसेल तर दहा-चौदा दिवसांनी दुसरा नमुना घ्यावा. प्रतिपिंडे चौपट वाढली असतील तरच त्या आकड्याला वजन येते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत कल्चरची सोय असणे आणि प्रत्येक अहवालाखाली 'एका नमुन्यावरून निदान निश्चित होत नाही' असे मराठीत छापणे, या दोन मागण्या अवाजवी खास नाहीत. रक्ताचा अहवाल ही साक्ष आहे, निकाल नव्हे. साक्षीची उलटतपासणी करण्याचा हक्क न्यायालयात आरोपीला असतो. तो दवाखान्यात रुग्णालाही असला पाहिजे.