रंगूनचे ते पाच आठवडे

ब्रह्मदेशाच्या 1988 सालाचा विषय निघाला की सगळे 8 ऑगस्टबद्दल बोलतात. चार आठ एका ओळीत आलेला तो दिवस. रंगूनच्या गोदी कामगारांनी सकाळी काम थांबवले, विद्यार्थी, भिक्खू, सरकारी कारकून, गृहिणी सगळे रस्त्यावर आले आणि रात्री लष्कराने गोळीबार सुरू केला. त्या दिवसाचे मोल मोठेच आहे. पण माझ्या मते त्या वर्षाचा निकाल लागला तो नंतर, 12 ऑगस्ट ते 18 सप्टेंबर या पाच आठवड्यांत. आजच्या म्यानमारमध्ये, म्हणजे याच देशात, 2021 पासून जे चालले आहे त्याचा अर्थ लावायचा, तर हेच पाच आठवडे नीट वाचावे लागतात.

असंतोषाची सुरुवात नोटांपासून झाली. 5 सप्टेंबर 1987 रोजी जनरल ने विन यांच्या सरकारने 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या. बदलून देणे नाही, मुदत नाही, भरपाई नाही. चारच दिवस आधी भाताच्या व्यापारावरचे निर्बंध उठवले होते, म्हणजे धान्य विकून ज्यांच्या हाती पैसा आला त्यांच्याच हातात कागद उरला. परीक्षेच्या शुल्कासाठी विद्यार्थ्यांनी साठवलेले पैसेही गेले. मग नव्या नोटा आल्या, 45 आणि 90 क्यातच्या. दोन्हींच्या आकड्यांची बेरीज नऊ, आणि नऊ हा ने विन यांचा शुभांक. 1962 पासून देशाची मालकी सांगणाऱ्या माणसाने लोकांच्या बचतीचा हिशेब असा केला होता. एके काळी जगात सर्वांत जास्त तांदूळ निर्यात करणारा हा देश त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीत गेला.

ठिणगी पडली ती 12 मार्च 1988 ला, रंगूनच्या तंत्रशिक्षण संस्थेजवळच्या चहाच्या दुकानात. कॅसेटवर कोणते गाणे लावायचे यावरून हाणामारी झाली. विद्यार्थ्याला मारणारा तरुण एका स्थानिक अधिकाऱ्याचा मुलगा होता, म्हणून तो लगेच सुटला. निषेध करायला गेलेल्या विद्यार्थ्यांवर दुसऱ्या दिवशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि फोन मॉ हा विद्यार्थी मरण पावला. त्याच आठवड्यात अटक केलेल्या 41 जणांचा पोलिसांच्या बंद गाडीत गुदमरून मृत्यू झाला. सरकारने हे कबूल केले जुलैमध्ये. 23 जुलैला ने विन सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. त्यांच्या जागी आले सेन ल्विन, म्हणजे मार्चमध्ये दंगलविरोधी पोलिसांची सूत्रे ज्यांच्याकडे होती तेच. 10 ऑगस्टला रंगूनच्या मुख्य सरकारी रुग्णालयावर सैनिकांनी गोळीबार केला, त्यात डॉक्टर आणि परिचारिकाही सापडल्या. लोक तरीही घरी गेले नाहीत. 12 ऑगस्टला सेन ल्विन यांना जावे लागले. आठवडाभराने मॉंग मॉंग हे कायदेपंडित अध्यक्ष झाले, 24 ऑगस्टला लष्करी कायदा उठला आणि सैन्य बराकींत परतले.

आता देशात सरकार नावापुरते उरले होते. सव्वीस वर्षे ज्यांनी तोंड उघडले नव्हते ती माणसे चौकाचौकांत भाषणे करू लागली. छापलेली, सायक्लोस्टाइल केलेली, हाताने लिहिलेली असंख्य वृत्तपत्रे निघाली. सरकारी दैनिकातही खऱ्या बातम्या येऊ लागल्या. वाड्यावस्त्यांनी आपापल्या समित्या केल्या, गल्लीच्या तोंडाशी बांबूचे अडसर उभारले, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्या लावल्या. मराठी माणसाला मंडाले ठाऊक आहे ते टिळकांच्या तुरुंगामुळे. त्या मंडालेचा कारभार आता भिक्खू पाहत होते. भांडणे तेच सोडवत आणि वाहतूकही तेच आवरत. हवाई दलाचे आणि नौदलाचे काही जवान गणवेशातच मोर्चात सामील झाले.

याच दिवसांची काळी बाजूही सांगितली पाहिजे, कारण स्मरणसभांतून ती गाळली जाते. तुरुंगांतून हजारो कैदी बाहेर पडले. गोदामे लुटली गेली. पाण्यात विष कालवल्याच्या अफवा उठल्या आणि हेर असल्याच्या संशयावरून काही माणसांची भर रस्त्यात मुंडकी उडवली गेली. भिक्खूंनी मध्ये पडून कित्येकांना वाचवले, सगळ्यांना वाचवता आले नाही. लष्कराला नंतर ‘सुव्यवस्थेसाठी’ परतण्याचे निमित्त याच घटनांनी दिले.

26 ऑगस्टला श्वेडगॉन पॅगोड्याच्या पश्चिमेला ऑंग सान सू ची बोलल्या. समोर काही लाख माणसे होती. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी वसंतात इंग्लंडहून आलेल्या 43 वर्षांच्या या बाईंना देश तोवर स्वातंत्र्यलढ्याचे नेते ऑंग सान यांची मुलगी म्हणूनच ओळखत होता. त्यांनी या लढ्याला स्वातंत्र्याचा दुसरा लढा म्हटले. सभा अपूर्व होती. पण व्यासपीठावरून उतरल्यावर पुढे काय, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

मागणी एकच होती, हंगामी सरकार. ते बनवणार कोण? सप्टेंबरच्या नऊ तारखेला माजी पंतप्रधान ऊ नू यांनी आपलेच समांतर सरकार जाहीर केले. 1962 मध्ये लष्कराने हटवलेला पंतप्रधान मीच, म्हणून अधिकार माझाच, असे त्यांचे म्हणणे. सू ची आणि टिन ऊ, ऑंग जी हे माजी लष्करी अधिकारी त्यात सामील झाले नाहीत. दुसऱ्याच दिवशी सत्ताधारी पक्षाने बहुपक्षीय निवडणूक मान्य केली, पण लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, आणि तो का बसावा? संपाच्या समित्या, विद्यार्थ्यांच्या संघटना, जुने पुढारी सगळे आपापल्या जागी ठाम राहिले. सीमेवर दशकानुदशके लढणाऱ्या कारेन, काचिन या समाजांना तर या चर्चेत जागाच नव्हती. मला याचा आजही संताप येतो. देश मोकळा झाला होता, खुर्ची रिकामी होती आणि चार पुढाऱ्यांना एका टेबलाशी बसता आले नाही. ते बसले असते तरी लष्कराने मोडून काढले असते, असे काही अभ्यासक म्हणतात. शक्य आहे. पण मग लष्कराला एका सरकारवर गोळी झाडावी लागली असती, नुसत्या गर्दीवर नव्हे. कुंपणावर बसलेल्या सैनिकांपुढे निवडायला दुसरी बाजू उभी राहिली असती.

18 सप्टेंबरला दुपारी रेडिओवरून जनरल सॉ मॉंग यांनी सत्ता घेतल्याची घोषणा झाली. पुढचे काही दिवस पुन्हा गोळीबार. वर्षभरातल्या मृतांचा आकडा सरकारने काही शेकड्यांत सांगितला, इतर अंदाज तीन हजारांपर्यंत आणि त्याहूनही वर जातात. हजारो विद्यार्थी थायलंडच्या सीमेवरच्या जंगलात गेले, ज्या कारेन बंडखोरांबद्दल ते शत्रू असल्याचे शाळेत शिकले होते त्यांच्याच आश्रयाला. शहरातल्या या मुलांपैकी अनेक जण तिथे हिवतापाने मेले. 1990 च्या निवडणुकीत सू चींच्या पक्षाने 485 पैकी 392 जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता दिली नाही.

1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली, तेव्हा 1988 ची पिढी आणि त्यांची मुले या दोघांनी मिळून एकत्र न येण्याची ती चूक टाळली. अडीच महिन्यांच्या आत, 16 एप्रिलला, राष्ट्रीय ऐक्य सरकार उभे राहिले. त्याचे पंतप्रधान कारेन आहेत, कार्यवाहक अध्यक्ष काचिन. 2008 ची लष्करी घटना रद्द मानून संघराज्याची सनद पुढे आली, आणि जूनमध्ये रोहिंग्यांना नागरिकत्व देण्याचे आश्वासनही. या सरकारात दोष पुष्कळ आहेत, सगळ्या सशस्त्र संघटना त्याला मानत नाहीत. तरीही 1988 च्या सप्टेंबरात जे कागदावरही आले नव्हते ते आता अस्तित्वात आहे.

भारताचे मात्र उलट झाले. 1988 मध्ये तो उघडपणे लोकांच्या बाजूने होता. आकाशवाणीची ब्रह्मी सेवा आंदोलनाच्या बातम्या देत होती, मिझोराममध्ये चंफाईला आणि मणिपुरात लैखुनला निर्वासितांसाठी छावण्या उघडल्या गेल्या. पुढे मुंबईच्या कामगार चळवळीतून दिल्लीत गेलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांनी आपल्या सरकारी बंगल्यात ब्रह्मी कार्यकर्त्यांना जागा दिली. 2021 मध्ये मात्र केंद्राने ईशान्येकडील राज्यांना निर्वासितांना आत घेऊ नका असे कळवले. मिझोरामने ते ऐकले नाही आणि म्यानमारमधल्या चिन समाजाच्या हजारो कुटुंबांना आसरा दिला. 2024 मध्ये सीमेपलीकडे मुक्तपणे ये-जा करण्याची व्यवस्थाही गुंडाळण्याचे केंद्राने जाहीर केले. आपल्याकडे अजून निर्वासितांसाठी कायदा नाही. महाराष्ट्रातून लोकसभेत 48 खासदार जातात. आपल्या खासदाराला पत्र लिहा, मिझोराममधल्या या माणसांची अधिकृत नोंद, औषधपाणी आणि मुलांच्या शाळेचा खर्च केंद्राने उचलावा असे मागा, आणि दिल्लीने राष्ट्रीय ऐक्य सरकारशी उघड बोलणी का करू नयेत हेही विचारा.