कला शिकून पोट भरते का?

चाळीसगावहून एका आईचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्यांची थोरली लेक बारावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत तिला ‘अ’ श्रेणी मिळाली. वस्तीतल्या जयंतीला बाबासाहेबांचे मोठे चित्र दरवर्षी तीच काढते. वडील मालवाहू रिक्षा चालवतात. त्यांचे म्हणणे असे की मुलीला नर्सिंगला घालू, तीन वर्षांत हाताला काम लागेल. मुलगी म्हणते, शिकेन तर चित्रकलाच. महिनाभर बापलेकीचे बोलणे बंद आहे. शेवटी या माउलीने विचारले आहे : “कला शिकून पोट भरते का, ते खरे खरे सांगा.”

ताई, जयभीम. तुमच्या यजमानांना मी दोष देणार नाही. ज्याच्या घरात महिन्याच्या शेवटी पैसे मोजावे लागतात, तो माणूस लेकीच्या पोटापाण्याचा आधी विचार करणारच. त्यांची भीती खोटी नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावोगावी दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवणारे पेंटर होते, एका पाटीवर दोन दिवसांची मजुरी सुटायची. फ्लेक्स आला आणि ते काम गेले. कितीतरी चांगले हात रंगाचे डबे ठेवून दुसऱ्या कामाला लागले. ‘हौस असली की पोट आपोआप भरते’ असे मी तुम्हाला लिहिले तर ती फसवणूक होईल.

पण तुम्ही राहता त्या गावातच या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. स्टेशनपासून जवळच कलामहर्षी केकी मूस यांचे घर आहे, आता ते संग्रहालय आहे. मुलीला तिथे नेले आहे का? नसेल तर येत्या रविवारी तिघे मिळून जा, वडिलांनाही घेऊन जा. मूस १९१२ साली मुंबईत एका पारशी घरात जन्मले. इंग्लंडला जाऊन कला आणि छायाचित्रण शिकून आले आणि चाळीसगावला जे राहिले ते १९८९ साली मरेपर्यंत. जवळजवळ पन्नास वर्षे हा माणूस घराबाहेर फारसा पडलाच नाही. तरी त्यांच्या छायाचित्रांना देशात आणि परदेशात पारितोषिके मिळत राहिली. गावात त्यांच्याविषयी रात्रीच्या गाडीची आणि वाट पाहण्याची एक कहाणी सांगतात. लोकांना ती फार आवडते. मला स्वतःला त्या कहाणीपेक्षा त्यांचे टेबल महत्त्वाचे वाटते.

कारण त्यांची नावाजलेली बरीचशी छायाचित्रे टेबलावर तयार झाली आहेत. घरातल्या साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, दिवा हवा तिथून पाडायचा, कॅमेरा वस्तूंच्या उंचीला खाली आणायचा. मग तळहाताएवढी वस्तू घराएवढी दिसते आणि खानदेशच्या उन्हात बसून बर्फातला देखावा उभा राहतो. यात पैशाचे काम थोडे, नजरेचे आणि चिकाटीचे जास्त. रेखाटने, शिल्प, लाकडाचे काम, कागदाच्या घड्यांच्या आकृती, हे सगळे त्यांनी त्याच चार भिंतींत केले. मुंबईला गेल्याशिवाय कला वाढत नाही असे तुमच्या मुलीला वाटत असेल तर तिला हे घर दाखवा.

आता दुसरी बाजू. मूस यांच्या आईवडिलांचा चाळीसगावात व्यवसाय होता, डोक्यावर स्वतःचे छप्पर होते. पन्नास वर्षे दार लावून काम करणे त्यांना परवडले. तुमच्या लेकीला ते परवडणार नाही. तिने त्यांची मेहनत घ्यावी, एकांत घेऊ नये.

तिच्यासाठी मला दुसरा एक माणूस जवळचा वाटतो, तोही तुमच्याच बाजूचा. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात, कन्नड तालुक्याच्या हद्दीत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत, अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या लेण्यांच्या काळातली, दोन हजार वर्षांहून जुनी. तिथे उत्खननात यक्षाची एक बुटकी, हसरी दगडी मूर्ती मिळाली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली. त्या काळच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे पुष्कळ सापडतात. पितळखोऱ्यातच पैठणच्या एका गंधी घराण्याचे नाव खांबावर आहे. पण घडवणाऱ्याचे नाव क्वचितच सापडते. हा कान्हदास पोटासाठी सोने घडवत होता आणि त्याच हाताने त्याने दगड घडवला. त्याची त्याला लाज नव्हती, उलट त्याने आपला धंदा नावासकट कोरून ठेवला.

म्हणून मुलीला सांगा, कमाईची कला हलकी आणि मनाची कला वरची, असा भेद शिकण्याच्या वयात करू नये. पाठ्यपुस्तकातली चित्रे, कापडावरचे नक्षीकाम, जाहिरात, ॲनिमेशन, मूर्तिकाम, शाळेत चित्रकला शिकवणे, ही सगळी पोटाची कामे आहेत. आपल्या समाजात तर मूर्तिकार आणि चित्रकार यांना काम आहेच. संसदेच्या आवारात १९६७ साली बसलेला बाबासाहेबांचा पुतळा ब्रह्मेश वाघ या शिल्पकाराने घडवला. गावोगावी जे पुतळे उभे राहतात त्यांतले काही पाहून वाईट वाटते, चेहरा ओळखूही येत नाही. शरीराची मापे शिकलेला हात तिथे हवा आहे. मात्र शाळेतल्या कलाशिक्षकाच्या जागा कमी झाल्या आहेत, केवळ त्या एका नोकरीवर भिस्त ठेवू नका.

आता वाट कशी ती सांगते. बारावीनंतर चार वर्षांची बी.एफ.ए. पदवी आहे. तिच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असते. सरकारी कलामहाविद्यालय नागपूरला आहे आणि तुम्हाला जवळचे म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. मुंबईच्या १८५७ सालच्या जे.जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम वेगळे वाचून घ्यावेत. खासगी संस्थेची भारी फी भरून कर्ज करू नका. सरकारी जागा मिळते का ते आधी पाहा. यंदा नाही मिळाली तर एक वर्ष तयारी करून पुन्हा बसता येते. वडिलांशी बोलणी करताना हीच गोष्ट पुढे ठेवा : प्रवेश परीक्षा देऊ द्या, सरकारी जागा मिळाली तर पाठवा. यात दोघांचाही मान राहतो.

पैशाचे म्हणाल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. समाजकल्याणचे मुलींचे वसतिगृह आहे, आणि तिथे जागा मिळाली नाही तर स्वाधार योजनेतून राहण्याजेवणासाठी रक्कम मिळते. ती खात्यात यायला उशीर होतो, पहिल्या काही महिन्यांची सोय आपली आपण करावी लागते, हेही सांगून ठेवते.

मुलीने आतापासून काय करावे? रोज दहा रेखाटने. स्मरणचित्रात मुले अडखळतात, कारण त्यांनी माणसे नीट पाहिलेलीच नसतात. चाळीसगाव जंक्शन आहे, धुळ्याची गाडी तिथून सुटते. फलाटावर गाठोड्याला टेकून झोपलेली बाई, डबा उघडलेला हमाल, गाडीची वाट पाहणारी म्हातारी, ही माणसे अर्धा तास हलत नाहीत. असे मॉडेल कोणती शाळा फुकट देईल? सोबत भावाला न्या आणि आधी परवानगी विचारून चित्र काढा. जुन्या कामाची नक्कल करायलाही लाजू नये. १८७२ ते १८८५ या काळात ग्रिफिथ्स साहेबांच्या हाताखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे उतरवून घेतली. त्यांतल्या बऱ्याच प्रती पुढे लंडनला आगीत जळाल्या. पण त्या पोरांच्या हाताला जे वळण लागले ते कुठे जळणार? अजिंठा तुमच्या जिल्ह्याच्या सीमेलाच आहे. वर्षातून एकदा एसटीने जाऊन एका हाताची मुद्रा जरी नीट उतरवली तरी ते शिक्षणच.

एक काम मात्र याच आठवड्यात करा. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज केला आहे का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. तो कॉलेजमार्फत बारावीतच करायचा असतो. वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा जुना पुरावा, गावचा उतारा, हे शोधायला वेळ जातो. तुमचे माहेर-सासर वेगवेगळ्या तालुक्यांत असले तरी पुरावा वडिलांकडचाच लागेल. उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स करून एका फाईलमध्ये घाला आणि ती फाईल वडिलांच्याच हाती द्या.